काळ्या कातळातून बोगदा: सुरुंगाचं काम आतून कसं चालतं

सुरुंग लावून बोगदा खणायचा म्हटलं की डोळ्यांसमोर धडाका, धूर आणि दगडांचा ढीग येतो. प्रत्यक्षात तेरा-चौदा तासांच्या कामात धडाका असतो जेमतेम सहा सेकंदांचा. बाकीचा वेळ जातो भोकं पाडण्यात, मलबा उपसण्यात आणि उरलेला डोंगर जागच्या जागी धरून ठेवण्यात. खरी कसोटी या शेवटच्या कामाची. खडक फोडायला दारू पुरते. पण ज्या खडकाला सुरुंग लावला, त्याचाच शेजारी उद्या बोगद्याचं छत होणार असतो. तो शेजारी जितका कमी दुखावला जाईल, तितका पुढचा खर्च कमी आणि माणसं सुरक्षित.

सह्याद्रीला हे काम नवं नाही. बोरघाटातली रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली, तिच्या वाटेवर 25 बोगदे होते. डायनामाईटचं पेटंट 1867 चं, म्हणजे ते सगळे बोगदे हातछिन्नी, घण आणि काळी दारू यांवर निघाले. ऐन भरात त्या घाटावर चाळीस हजारांहून जास्त मजूर होते आणि पटकीने त्यातले कितीतरी गेले. नंतर कोकण रेल्वेने 92 बोगदे काढले. त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’चे बोगदे तर 20 मीटरहून रुंद आहेत. यंत्रं बदलली, पण कामाचा क्रम अजून तोच आहे: भोक, दारू, स्फोट, उपसा, आधार आणि पुन्हा भोक.

मेट्रोसाठी वापरतात ते बोगदा खोदणारं मोठं यंत्र, टीबीएम, इथे का नको? ते यंत्र यायला आणि जुळायलाच कित्येक महिने जातात, ते फक्त गोल बोगदा काढतं आणि एक-दोन किलोमीटरच्या कामात त्याचा खर्च निघत नाही. शिवाय डोंगरात खडक शंभर मीटरवर बदलतो. सुरुंगाच्या कामात आज तीन मीटर पुढे जायचं की एकच, हे त्या दिवशी समोरचा दगड बघून ठरवता येतं. यंत्राला ती मुभा नसते.

आधी दगड ओळखायचा

सह्याद्रीचा बेसाल्ट बाहेरून सगळा एकसारखा काळा दिसतो, पण तो लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. त्यातले तीन प्रकार बोगदेवाल्याला रोज भेटतात.

पहिला घट्ट काळा कातळ. ताकद भरपूर, पण थंड होताना त्याला उभ्या भेगा पडलेल्या असतात. भिंतीत या भेगा फारसा त्रास देत नाहीत. छतात मात्र दोन भेगांच्या मधला ठोकळा खालून मोकळा झाला की सरळ खाली येतो. दुसरा, पांढऱ्या ठिपक्यांचा. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली की असा दगड होतो. विहिरी खणणारे याला मांजऱ्या म्हणतात. ताकदीला कमी, पण भेगाही कमी, त्यामुळे ताज्या अवस्थेत बोगद्याला तो बऱ्याचदा काळ्या कातळापेक्षा बरा पडतो. त्याचे काही प्रकार हवा-पाणी लागल्यावर महिना-दोन महिन्यांत भुसभुशीत होतात, म्हणून ते लगेच झाकावे लागतात.

तिसरा म्हणजे दोन थरांच्या मधला तांबडा, मातकट पट्टा. कुठे चार बोटं जाड, कुठे पुरुषभर. कोरडा असताना घट्ट वाटतो, ओल लागली की पापुद्रे सुटून गळायला लागतो. हा पट्टा छताच्या वर एखाद-दीड मीटरवर आडवा असला, तर कमान कितीही नीट आखा, छत त्या पट्ट्यापर्यंत निसटून सपाट होतं. अशा ठिकाणी रॉक बोल्ट, म्हणजे छत धरायला खडकात बसवलेली पोलादी सळई, इतका लांब हवा की तो पट्टा ओलांडून वरच्या पक्क्या थरात जाऊन बसेल. पट्ट्याखालच्याच दगडात संपलेला बोल्ट दगडासकट खाली येतो.

म्हणून प्रत्येक स्फोटानंतर भूगर्भशास्त्रज्ञ तोंडाजवळ, म्हणजे जिथे खणणं चालू आहे त्या समोरच्या खडकाजवळ, जाऊन भेगांची दिशा, त्यांतली माती, पाणी यांची नोंद करतो आणि खडकाला गुण देतो. त्यासाठी आरएमआर आणि क्यू या दोन पद्धती चालतात. दोन्ही सत्तरच्या दशकातल्या. त्या गुणांवरून ठरतं: पुढचं पाऊल किती मीटरचं आणि त्यामागे आधार किती. पुढे पाणी किंवा पोकळ खडक असल्याचा संशय असेल, तर 20-30 मीटर लांबीचं चाचणी भोक आधी मारून बघतात. पाणी भोकातून येऊ दे, तोंड फुटून नको.

भोकांची नक्षी आणि मधली रिकामी भोकं

आता एक उदाहरण धरू. तोंडाचं क्षेत्रफळ 60 चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेआठ मीटर रुंद आणि आठ मीटर उंच घोड्याच्या नालेसारखा आकार. खडक चांगला. भोकं 3.2 मीटर खोल मारायची आणि तीन मीटर पुढे जायचं.

सर्वेक्षक तोंडावर रंगाने कमान आणि भोकांच्या जागा आखून देतो. मग ‘जंबो’ पुढे येतं. दोन-तीन लांब हात असलेलं हे ड्रिलचं यंत्र 45 ते 51 मिलिमीटर व्यासाची भोकं मारतं. आपल्या तोंडाला अशी सुमारे 110 भोकं लागतात, म्हणजे साडेतीनशे मीटर ड्रिलिंग. दोन हातांच्या जंबोला अडीच तास पुरतात. लहान बोगद्यात हेच काम पायावर टेकवलेल्या हातड्रिलने 32-38 मिलिमीटरच्या भोकांनी होतं.

खाणीत दगड फोडणं तुलनेने सोपं असतं, कारण तिथे समोरची बाजू मोकळी असते आणि वरची पण. फुटलेल्या दगडाला जायला जागा असते. बोगद्याच्या तोंडाला एकच मोकळी बाजू, तीही भोकाच्या दिशेला काटकोनात. घट्ट कोंडलेल्या दगडात कितीही दारू भरा, तो चिरडेल पण हलणार नाही. म्हणून आधी जागा करून द्यावी लागते.

ती जागा म्हणजे ‘कट’. तोंडाच्या मध्याजवळ एक मोठं, साधारण 102 मिलिमीटरचं भोक मारतात आणि ते रिकामं ठेवतात. त्यात दारू नाही. त्याच्या भोवती पहिली चार भोकं, मोठ्या भोकाच्या केंद्रापासून त्याच्या व्यासाच्या दीडपट अंतरावर, म्हणजे 15 सेंटिमीटरवर. ही चार फुटली की जवळपास 22 सेंटिमीटर बाजूचा चौकोनी खड्डा होतो. पुढची चार भोकं या खड्ड्यात दगड ढकलतात आणि खड्डा सुमारे 46 सेंटिमीटरचा होतो. तिसऱ्या चौकोनानंतर तो मीटरभराचा. मग बाकीची भोकं या वाढत्या खड्ड्यात आपापला दगड टाकत बाहेरच्या बाजूला सरकतात.

सगळी मदार त्या रिकाम्या भोकावर आहे. 102 मिलिमीटरचं एक रिकामं भोक साधारण 3.2 मीटर खोलीपर्यंतच नीट काम देतं. त्याहून खोल जायचं तर दोन रिकामी भोकं लागतात. आणि कटची भोकं एकमेकांना समांतर असायलाच हवीत. तोंडाशी 15 सेंटिमीटरवर असलेलं भोक आत तिरकं जाऊन रिकाम्या भोकाला मिळालं, किंवा 25 सेंटिमीटर लांब गेलं, की कट फसतो. मधला दगड चिरडून पुन्हा तिथेच घट्ट बसतो आणि त्यामागच्या शंभर भोकांची दारू वाया जाते. तीन मीटरऐवजी दीड-दोन मीटर पुढे गेलात आणि तोंडावर हातभर खोलीची अर्धवट भोकं उरली, तर पहिला संशय कटवर घ्यावा. दारू कमी पडली असं समजून पुढच्या वेळी ती वाढवणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने कट सुधारत नाही, छत मात्र फुटतं.

शतांश सेकंदांचं वेळापत्रक

कट उमजला की बाकीचं वेळेचं गणित. कटमधला दगड बाहेर फेकला जातो तो सेकंदाला 40 ते 70 मीटर वेगाने. म्हणजे 3.2 मीटर खोलीतून बाहेर पडायला त्याला साधारण 50 ते 80 मिलिसेकंद लागतात. पुढचं भोक त्याआधीच फुटलं तर त्याच्या दगडासमोर अजून भिंतच असते. म्हणून कटमधल्या दोन भोकांत 75 ते 100 मिलिसेकंदांचं अंतर ठेवतात आणि बाहेरच्या भोकांत ते वाढवत अर्ध्या सेकंदापर्यंत नेतात. असं करत सगळं तोंड सहा सेकंदांत आतून बाहेर उलगडत जातं. हा उशीर प्रत्येक डिटोनेटरमध्ये, म्हणजे भोकातली दारू पेटवणाऱ्या छोट्या नळीत, कारखान्यातच बसवलेला असतो. त्यावरच्या चिठ्ठीचा आकडा म्हणजे त्या भोकाची पाळी.

क्रम असा: कट, मग मधली भोकं, मग भिंतींच्या आणि छताच्या कडेची, आणि सगळ्यात शेवटी तळाची. तळाची भोकं शेवटी फुटून ढिगाला खालून उचलतात, त्यामुळे मलबा सैल पडतो आणि लोडरला उपसायला सोपा जातो.

उशिराचा दुसरा फायदा डोंगराखालच्या गावाला. घरांना बसणारा हादरा एकूण दारूवर ठरत नाही. एका क्षणी किती फुटली, यावर तो ठरतो. तीनशे किलो दारू शंभर भोकांत वाटून सहा सेकंदांत फोडली तर जमिनीला एका वेळी काही किलोंचाच धक्का जातो. भारतातल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या मर्यादेप्रमाणे साध्या घराजवळ, हादऱ्याची कंपनं सेकंदाला आठपेक्षा कमी असतील तर जमिनीच्या हालचालीचा वेग सेकंदाला 5 मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. गावात कंपनमापक ठेवून हे रोज मोजायचं असतं. लोकांना तो कागद दाखवला तर निम्मी भीती तिथेच कमी होते, आणि आकडा वर गेलेला दिसला तर त्यांची तक्रार खरी ठरते.

दारू भरताना

स्फोटकं बनवण्यापासून वापरण्यापर्यंतचे परवाने ज्या केंद्रीय संस्थेकडे आहेत, त्या पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे. कामावर शॉट फायररचा, म्हणजे सुरुंग उडवण्याचा, परवाना असलेला माणूसच हे काम करतो. त्याचा शब्द तिथे शेवटचा.

बोगद्यात आता इमल्शन वापरतात. अमोनियम नायट्रेटचं, पाण्याला दाद न देणारं, प्लास्टिकच्या नळीत, म्हणजे कांडीत, भरलेलं पिठासारखं स्फोटक. घनमीटरमागे दीड किलोच्या आसपास लागतं, म्हणजे आपल्या 180 घनमीटरला पावणेतीनशे-तीनशे किलो. खाणीत याच्या तिसऱ्या हिश्शातही काम होतं. फरक कोंडलेपणाचा.

आधी दाबाच्या हवेने प्रत्येक भोक फुंकून चिखल-पाणी काढतात. मग डिटोनेटर लावलेली कांडी तळाशी, तिच्यावर बाकीच्या, आणि तोंडाशी चिकणमाती किंवा वाळूचा बूच. ठासायला लाकडाची काठी, लोखंडाची कधीच नाही. बुचाला आळस केला तर वायूचा दाब भोकाच्या तोंडातून फुकट निघून जातो आणि आवाजच मोठा होतो. दारू भरताना त्याच तोंडावर ड्रिलिंग चालू ठेवायचं नाही, वेळ वाचवायची कितीही घाई असली तरी.

कडेच्या भोकांना वेगळी वागणूक. मधली भोकं मीटर-दीड मीटर अंतरावर असली, तरी कडेची 45 ते 60 सेंटिमीटरवर घेतात आणि त्यांत बारीक कांड्या, कमी दारू. सगळी एकाच वेळी फुटली की भोकापासून भोकापर्यंत सरळ भेग धावते आणि बाहेरचा खडक शाबूत राहतो. काम नीट झालं की नाही, हे स्फोटानंतर भिंतच सांगते: कडेच्या भोकाचा अर्धा भाग उडालेला आणि अर्धा भिंतीत पन्हाळीसारखा उभा राहिलेला दिसतो. छतावर अशा पन्हाळ्या ओळीने दिसल्या की समजावं, डोंगर दुखावलेला नाही. एकही दिसत नसेल आणि सगळीकडे ओबडधोबड कपारी असतील, तर एक तर दारू जास्त, किंवा भोकं वाकडी, किंवा खडकच भेगाळ.

ही भोकं थोडी बाहेरच्या बाजूला तिरपी मारावीच लागतात, कारण जंबोचा हात भिंतीला घासून उभा राहू शकत नाही. सुरुवातीला 10 सेंटिमीटर आणि दर मीटरला 3 सेंटिमीटर धरा, म्हणजे आपल्या खोलीला 20 सेंटिमीटर. यापलीकडे जे जादा फुटतं तो ओव्हरब्रेक, आणि तो फुकटचा खर्च असतो. भिंती आणि छत मिळून 21 मीटरचा घेर आहे. तिथे सरासरी 15 सेंटिमीटर जादा फुटलं तर एका किलोमीटरला 3,150 घनमीटर जादा दगड होतो. तो आधी बाहेर काढायचा आणि मग तेवढी पोकळी काँक्रीटने भरायची.

धूर, पहार आणि मलबा

स्फोटानंतर तोंडाशी कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे तांबूस वायू साचतात. पहिल्याला वास नाही, रंग नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही, मीटर घेऊन जायचं. बाहेरच्या पंख्यातून कापडी नळीने ताजी हवा तोंडापर्यंत ढकलतात, तरी अर्धा ते एक तास कुणी आत जात नाही. नळी फाटली, किंवा तिचं टोक तोंडापासून फार मागे राहिलं, तर पंखा फिरत असूनही धूर तिथेच घुटमळतो.

पहिला आत जातो शॉट फायरर. न फुटलेलं भोक शोधणं हे त्याचं काम. उरलेल्या भोकाच्या तळात नवं भोक सुरू करणं ही या धंद्यातली सगळ्यात जीवघेणी चूक आहे. आत न फुटलेली कांडी असू शकते. ड्रिलला तिथे आयती जागा मिळते म्हणून मोह होतो, पण पुढच्या फेरीची भोकं जुन्या भोकांपासून बाजूला सरकवूनच आखायची.

मग सुटलेले दगड पाडणं, म्हणजे स्केलिंग. मोठ्या कामावर यंत्र करतं, तरी शेवटचा हात पहारीचाच. पक्क्या छताखाली उभं राहून पहारीने पुढचा दगड ठोकायचा. खणखणीत वाजला तर पक्का. बद्द वाजला तर मागे भेग आहे, तो पाडायचा. आधी पाय कुठे मागे न्यायचे ते बघायचं, मग ठोकायचं.

180 घनमीटर खडक फुटून सैल झाला की 290 घनमीटर होतो, वजन 500 टन. चौदा घनमीटरच्या डंपरच्या वीस-एकवीस फेऱ्या, तीन-चार तासांचं काम. रात्रीच्या पाळीत धुळीत उलटे येणारे डंपर आणि पायी चालणारी माणसं एकाच अरुंद जागेत असतात. बोगद्यातले कितीतरी अपघात दारूचे नसून या चाकांचे असतात.

डोंगराला डोंगरानेच धरायचं

उपसा संपला की आधार. आधी शॉटक्रीट, म्हणजे नळीतून जोराने फवारलेलं काँक्रीट, बहुधा पोलादी तंतू घातलेलं, 5 ते 15 सेंटिमीटर जाड. त्याआधी खडक धुवायलाच हवा. धुळीवर बसलेलं शॉटक्रीट पापडासारखं सुटतं. नळीचं तोंड भिंतीला काटकोनात, मीटर-दीड मीटरवर. तिरपं मारलं तर निम्मा माल उडून खाली पडतो. मग 25 मिलिमीटरचे, तीन-चार मीटर लांब रॉक बोल्ट, दीड ते दोन मीटर अंतरावर, भोकात सिमेंट किंवा रेझिन भरून. भोक पूर्ण भरलं नाही तर बाहेर प्लेट छान दिसते आणि आत सळई नुसतीच लोंबत असते. म्हणून काही बोल्ट ओढून तपासावे लागतात.

खडक वाईट असेल तर हे सगळं उलट क्रमाने होतं: खणण्याआधी आधार. छताच्या कडेने पुढच्या खडकात पोलादी पाइप घालून त्यांत सिमेंट दाबतात, त्या छत्रीखाली एकेक मीटर पुढे सरकतात आणि पाठोपाठ पोलादी कमानी उभ्या करतात. रोहतांगखालच्या 9 किलोमीटरच्या अटल बोगद्यात सेरी नाल्याच्या खालचा सहाशे मीटरपेक्षाही कमी लांबीचा तुटका, पाण्याने भरलेला पट्टा ओलांडायला काही वर्षं गेली. गोव्यात पेडण्याच्या बोगद्याला तर खडकच नव्हता, ओली चिकणमाती होती. तिथे सुरुंगाचा उपयोग शून्य. तोच बोगदा जुलै 2024 मध्ये पावसात तळातून पाणी उफाळल्याने पुन्हा बातम्यांत आला.

आधार दिला म्हणजे विषय संपला, असंही नाही. भिंतींवर खुणा ठोकून त्या एकमेकींच्या किती जवळ येताहेत, हे मिलिमीटरमध्ये मोजत राहायचं. सरकणं दिवसागणिक मंदावत गेलं तर ठीक. एकसारखं चालू राहिलं, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर काम थांबवून तिथे आधार वाढवायचा. उत्तराखंडात सिल्क्यारा इथे 12 नोव्हेंबर 2023 ला बोगदा कोसळला तो पुढच्या तोंडाशी नव्हे, प्रवेशद्वारापासून दोन-अडीचशे मीटरवर, आधीच खणून झालेल्या भागात. पुढे काम करणारे 41 जण मागची वाट बंद होऊन अडकले आणि 17 दिवसांनी बाहेर आले. मागचा बोगदाही तितक्याच काळजीने बघावा लागतो, कारण बाहेर पडायची वाट तीच असते.

सगळं धरून एक फेरी तेरा-चौदा तासांची. चांगल्या खडकात एका तोंडाला महिन्याला शंभर-सव्वाशे मीटर. म्हणून लांब बोगदा दोन्ही बाजूंनी खणतात, आणि जमलं तर मधून आडवा बोगदा काढून आणखी दोन तोंडं उघडतात. दोन तोंडं एकमेकांजवळ आली की एका बाजूचं काम बंद करतात आणि यंत्रं मागे घेतात. दुसऱ्या बाजूने प्रत्येक स्फोटाआधी दोन्हीकडची माणसं बाहेर काढतात, कारण मधली भिंत आता इतकी पातळ असते की दगड पलीकडे उडू शकतो. आधी ड्रिलचं एखादं भोक आरपार जातं. त्यातून वारा वाहायला लागतो आणि तोंडाशी घुटमळणारा धूर, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, पंख्याशिवाय हलू लागतो.